लागते म्हणजे काय होते?

मराठी भाषेत ‘लागणे’ या क्रियापदाइतके राबणारे दुसरे क्रियापद क्वचितच सापडेल. एकत्र कुटुंबातल्या गरीब नातेवाइकाला जसे ज्याने त्याने काम सांगावे, तसे आपण या बिचाऱ्याला राबवतो. पायाला ठेच लागते. रेशमी लुगडे हाताला मऊ लागते आणि घोंगडी खरखरीत लागते. जिना चढताना धाप लागते, लांबच्या प्रवासात लघवीला लागते. मिरची तिखट लागते, भूक लागते, तहान लागते, डोळा लागतो; आणि एवढे सगळे लागून झाल्यावर एखाद्याचे बोलणे मनालाही लागते. कॉलेजात मराठी शिकवताना हे क्रियापद मी कितीदा तरी फळ्यावर मांडले आहे. मुले उदाहरणे सांगतात, मी लिहीत जातो, फळा भरतो आणि घंटा होते.

पण लागते म्हणजे नेमके काय होते? बोट टेबलाला टेकले, तर टेबलही बोटाला टेकलेच की! मग ते बोटाला कळते आणि टेबलाला कळत नाही, हे कसे? हा प्रश्न व्याकरणाच्या पुस्तकात सुटणारा नव्हे. सुदैवाने प्राध्यापकांच्या खोलीत माझ्या शेजारची खुर्ची प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्यांची आहे. मधल्या सुट्टीतल्या चहाबरोबर त्यांनी मला जे समजावून दिले, आणि त्यांनी हाती दिलेल्या लेखांतून मी जे वाचले, ते आज वाचकांपुढे माझ्या भाषेत ठेवतो. विषय शास्त्राचा असला तरी घाबरण्याचे कारण नाही. मिरची, मनुका, कुकर आणि पंखा एवढ्या घरगुती सामग्रीत तो बसतो.

मागे राहिलेले इंद्रिय

आपल्या वैशेषिकांनी पंचेंद्रियांची वाटणी फार पूर्वी करून ठेवली. रूप डोळ्याला, शब्द कानाला, गंध नाकाला, रस जिभेला आणि स्पर्श त्वचेला. स्पर्शाचा संबंध त्यांनी वायूशी जोडला. वारा दिसत नाही, पण अंगाला लागतो, हे त्यामागचे साधे निरीक्षण. आधुनिक शास्त्राने याच पाच इंद्रियांची एकेक करून उकल केली. डोळ्यातले प्रकाश टिपणारे द्रव्य १८७६ साली सापडले. नाकात गंध टिपणाऱ्या प्रथिनांचा पत्ता १९९१ साली लागला. स्पर्श मात्र मागे राहिला. त्वचेखाली मज्जातंतूंची टोके आहेत, त्यांतून विजेसारखा संदेश मेंदूकडे जातो, एवढे माहीत होते. पण दाब हा दाब आहे आणि वीज ही वीज. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणारा दुभाषी कोण, हे २०१० सालापर्यंत कोणाला सांगता येत नव्हते.

हा दुभाषी कोठे बसतो हे कळण्यासाठी आधी पेशीचे घर पाहायला हवे.

भिंत आणि दारे

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे आणि प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा आहे. तो किती पातळ? एका मिलिमीटरचे दोन लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा. हा पडदा स्निग्ध पदार्थाच्या दोन थरांचा असतो, म्हणजे एका अर्थाने तेलाचीच भिंत. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे विद्युतभारित कण होतात. त्यांना शास्त्रात ‘आयन’ म्हणतात. हे कण तेलाच्या भिंतीतून आरपार जाऊ शकत नाहीत. त्यामुळे भिंतीच्या आत आणि बाहेर त्यांचे प्रमाण निराळे राहते आणि दोन्ही बाजूंत विजेचा थोडासा फरक टिकून राहतो. धरणाच्या भिंतीमागे पाणी तुंबावे तसे हे कण दारे उघडण्याची वाट पाहत थांबलेले असतात.

दारे आहेत, आणि ती प्रथिनांची आहेत. काही दारे विशिष्ट रसायनाची किल्ली लागली की उघडतात. काही विजेचा फरक बदलला की उघडतात. आणि काही दारे अशी आहेत की त्यांना किल्लीही नको आणि वीजही नको. पडद्याला ताण बसला की ती त्या ताणानेच उघडतात. दार उघडले की आयन आत घुसतात, विजेचा फरक मोडतो, आणि पेशी मज्जातंतूची असेल तर तिथून निघालेला संदेश सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास वेगाने धावत सुटतो. पायाच्या अंगठ्याला काही टेकले की मस्तकात त्याची वर्दी पोचायला सेकंदाचा तिसावा भागसुद्धा पुरे होतो.

म्हणजे आपण ज्याला ‘लागणे’ म्हणतो, त्याचा आरंभ दार उघडण्यात आहे. आता या दारांचा शोध कसा लागला ते पाहू. त्याची सुरुवात त्वचेपासून झालीच नाही. ती झाली कानात, आणि नंतर एका जंतूत.

कानातले केस आणि पावसातला जंतू

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी आहे. तिच्यात सुमारे पंधरा हजार पेशी अशा आहेत की ज्यांच्या डोक्यावर चढत्या उंचीचे सूक्ष्म केस रांगेने उभे असतात. आवाजाने हे केस हलतात. १९७९ साली डेव्हिड कोरी आणि जेम्स हडस्पेथ या अमेरिकन शास्त्रज्ञांनी बेडकाच्या कानातल्या अशा पेशी घेऊन केस हलल्यापासून वीज वाहू लागेपर्यंत किती वेळ जातो ते मोजले. तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही कितीतरी आत निघाला. मधे एखाद्या रसायनाने निरोप्याचे काम केले असते तर इतकी घाई त्याला जमली नसती. तेव्हा दार थेट ओढूनच उघडत असले पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. पुढे १९८४ साली एका केसाचे टोक शेजारच्या केसाला जोडणारा धागाही सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. दाराची कडी ओढणारी दोरीच ती.

जाता जाता दिवाळीच्या तोंडावर एक गोष्ट सांगितली पाहिजे. या पंधरा हजार पेशी माणसाला जन्मात एकदाच मिळतात. एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कानाजवळ फुटलेला मोठा फटाका ही नाजूक दोरी तोडू शकतो, आणि पेशीही मारू शकतो.

त्याच १९८४ साली अमेरिकेतील बफलो येथे फ्रेडरिक सॅक्स आणि त्यांचे सहकारी कोंबडीच्या पिल्लाच्या स्नायूपेशींवर काम करीत होते. केसाहूनही बारीक टोकाची काचेची नळी पेशीच्या पडद्यावर टेकवून तेवढ्याच तुकड्यातली वीज मोजण्याची युक्ती एर्विन नेहेर आणि बर्ट साकमन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९७६ साली काढली होती. तिच्याबद्दल त्यांना पुढे १९९१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सॅक्स यांनी त्या नळीतून पडदा किंचित ओढून घेतला, आणि ओढीसरशी एक दार उघडल्याची खूण विजेच्या आलेखावर उमटली.

तीन वर्षांनी, १९८७ साली, विस्कॉन्सिन विद्यापीठात बोरिस मार्टिनाक, चिंग कुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तसेच दार सापडले, तेही आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूत. ज्याला कातडी नाही, मज्जातंतू नाहीत, मेंदू नाही, त्या एकाच पेशीच्या जीवाला स्पर्शाचे दार हवे कशाला?

याचे उत्तर गृहिणींना चटकन पटेल. मनुका पाण्यात टाकली की ती पाणी ओढून टम्म फुगते. खारट किंवा दाट रसात राहणारा जंतू पावसाच्या गोड्या पाण्यात सापडला की त्याचीही तीच अवस्था होते. पाणी आत घुसत राहते, पडदा ताणत जातो, आणि वेळीच काही केले नाही तर जंतू फुटून मरतो. कुकरमध्ये वाफ वाढली की आधी शिट्टी उचलली जाते, आणि तेवढ्याने भागले नाही तर शेवटी सुरक्षेची झडप सुटते. जंतूच्या भिंतीतही अशा दोन झडपा आहेत. थोड्या ताणाने उघडणारी एक, आणि फुटण्याची वेळ आली की उघडणारी दुसरी. ती उघडली की आतला माल भसकन बाहेर पडतो आणि जीव वाचतो. १९९९ साली स्कॉटलंडमधील इयन बूथ यांच्या प्रयोगशाळेत दोन्ही झडपा काढून टाकलेले जंतू तयार केले आणि त्यांना एकदम पातळ पाण्यात सोडले. ते फुटून मेले.

मला स्वतःला ही हकिकत फार विचार करायला लावणारी वाटली. स्पर्श म्हटले की आपल्याला कुरवाळणे, गोंजारणे, थोपटणे आठवते. पण ताण ओळखण्याची ही विद्या एका क्षुद्र जंतूला केवळ जीव वाचवण्यासाठी लागते. गोंजारणे पुष्कळ नंतरचे.

बहात्तरावे नाव

तरीही माणसाच्या त्वचेतले दार सापडत नव्हते. जंतूच्या झडपेसारखे काहीही आपल्या पेशींत आढळत नव्हते. ते शोधून काढले आर्डेम पटापूटियन यांच्या प्रयोगशाळेने.

या गृहस्थांची कहाणी थोडक्यात सांगण्याजोगी आहे. १९६७ साली लेबनॉनमधील बैरुत शहरात एका आर्मेनियन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. देशात यादवी पेटलेली. १९८६ साली कोवळ्या वयात ते अमेरिकेत लॉस एंजेलिसला आले. कॉलेजात प्रवेश मिळेपर्यंत पोटासाठी त्यांनी घरोघर पिझ्झा पोचवला आणि एका आर्मेनियन वर्तमानपत्रात राशिभविष्यही लिहिले! आपल्या दिवाळी अंकांत वार्षिक राशिभविष्य लिहिणाऱ्यांनी या उदाहरणाने हुरूप धरायला हरकत नाही. पुढे ते कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संशोधन संस्थेत आले आणि स्पर्शाच्या दारामागे लागले.

त्यांचे तरुण सहकारी बर्त्राँ कोस्त यांनी उंदराच्या अशा पेशी घेतल्या की ज्यांना बारीक काचेच्या काडीने टोचले की वीज वाहते. म्हणजे दार त्यांत नक्की आहे. पण पेशीत हजारो जनुके. प्रत्येक जनुक म्हणजे एकेका प्रथिनाची कृती. त्यांतून दार होऊ शकेल अशा जनुकांची यादी केली. मग एका वेळी एक जनुक गप्प करायचे आणि पेशीला टोचून पाहायचे. वीज वाहिली तर हे दार नव्हे. पुढचे नाव घ्या. पहिले झाले, दहावे झाले, पन्नासावे झाले. टोचायचे, वीज वाहायची, नाव खोडायचे. असे महिनोन्महिने चालले. बहात्तरावे जनुक गप्प केले आणि टोचले, तेव्हा पेशी हललीच नाही. तिला लागलेच नाही.

पडताळा म्हणून हेच जनुक एरवी टोचण्याला दाद न देणाऱ्या दुसऱ्या पेशींत घातले. त्या पेशींना लागू लागले. २०१० साली ही बातमी प्रसिद्ध झाली. ग्रीक भाषेत दाब या अर्थाचा जो शब्द आहे त्यावरून या प्रथिनाचे नाव ठेवले पिएझो. त्याला एक भावंडही सापडले. म्हणून पिएझो-एक आणि पिएझो-दोन. स्वयंपाकघरात खटका दाबून ठिणगी पाडणाऱ्या गॅसच्या लायटरमध्ये जो स्फटिक असतो, त्याच्या गुणधर्माचे नावही याच ग्रीक शब्दावरून पडले आहे. तिथे दाबाने स्फटिकातून वीज निघते, इथे दाबाने प्रथिनाचे दार उघडते. दोघांत नात्यागोत्याचा संबंध नाही, नाव तेवढे एका कुळातले.

या दाराची घडण पुढच्या आठ वर्षांत उलगडली. छताच्या पंख्याला तीन पाती असतात तशी पिएझोला तीन पाती आहेत. मधोमध आरपार भोक, आणि वळलेली पाती पडद्यात रुतलेली. या पात्यांमुळे पडद्याला तिथे वाटीसारखा खोलगट आकार येतो. पडदा ताणला गेला की वाटी सपाट होऊ लागते, पाती पसरतात आणि मधले भोक उघडते. तेही क्षणभरच. सेकंदाचे काही हजारांश गेले की दार आपोआप मिटते. सकाळी हातात घातलेली बांगडी किंवा मनगटावर बांधलेले घड्याळ थोड्या वेळाने लागेनासे होते, याच्या अनेक कारणांपैकी हे एक. बदल झाला तरच वर्दी द्यायची, असा या द्वारपालाचा शिरस्ता आहे.

२०२१ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक पटापूटियन आणि डेव्हिड ज्युलियस यांना विभागून मिळाले. ज्युलियस यांनी मिरचीतले तिखट द्रव्य हाताशी धरून उष्णतेचे दार १९९७ साली शोधले होते. मिरची ‘लागते’ आणि चटका ‘लागतो’ ते एकाच दाराने. आमच्या क्रियापदाने इथेही अगोदरच हात मारून ठेवला होता, असे मी सहकाऱ्यांना म्हणालो. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि ते हसले.

देहभान

आता वाचकांनी एक लहानसा प्रयोग करावा. डोळे मिटा. दोन्ही हात बाजूला पसरा, आणि उजव्या हाताची तर्जनी नाकाच्या शेंड्यावर आणून टेकवा. जमले? तुम्हाला ना हात दिसत होता, ना नाक. वाटेत हात कशालाही शिवला नाही. मग बोट कोठे आहे हे कळले कसे?

आपल्या स्नायूंच्या आत आणि सांध्यांजवळ मज्जातंतूंची टोके आहेत. स्नायू किती ताणला आहे, कोपर किती वाकले आहे, याची वर्दी ती अखंड देत असतात. शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली या जाणिवेला शास्त्रात नाव दिले. मराठीला नवे नाव शोधण्याची गरज नाही. ‘देहभान’ हा शब्द आपल्याकडे आहेच. कीर्तनात देहभान हरपले असे आपण सहज म्हणतो. देहभान खरोखर हरपले तर काय होते, ते २०१६ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत कार्स्टन ब्योनेमन आणि अलेक्झांडर चेस्लर यांनी वर्णन करून प्रसिद्ध केले.

त्यांच्याकडे दोन रुग्ण होते. एक मुलगी नऊ वर्षांची, दुसरी एकोणीस वर्षांची. दोघींचे एकमेकींशी नाते नाही. दोघींनाही आईकडून आणि वडिलांकडून पिएझो-दोनची बिघडलेली प्रत मिळालेली. जन्मापासून ते दार नाहीच. सुई टोचली तर त्यांना कळत असे. पण कंप पावणारा चिमटा हाताला लावला तर त्याची थरथर कळत नसे. डोळे मिटवून कोणी त्यांचे बोट वर किंवा खाली वाकवले तर ते कोणत्या बाजूला गेले हे सांगता येत नसे. पाठीचे कणे वाकडे झालेले. आणि डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला सांगितले, तर त्या अडखळत, तोल जाऊन पडायच्या बेताला येत.

पण पट्टी काढली की त्या चालत. लिहीत, बोलत, आपापली कामे करीत. ज्या कामांना देहभान हवेच असे वैद्यक समजत आले, ती कामे या मुली डोळ्यांच्या जोरावर शिकल्या होत्या. आपला पाय कोठे पडतो आहे हे पाहून पाहून त्यांनी चालणे बसवले होते. आपल्याला जे फुकट मिळते, ते त्यांनी पावलोपावली कमावले. हा भाग वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. मात्र दिवा मालवला की त्यांची कमाई संपे.

लागण्याची आणखी ठिकाणे

पिएझोचा कारभार त्वचा आणि स्नायू एवढ्यावर थांबत नाही. शास्त्रज्ञ एकेक अवयव तपासू लागले तसतसे हे दार भलभलत्या ठिकाणी सापडू लागले.

फुप्फुस हवेने पुरते भरले, ही वर्दी पिएझो-दोन देते, असे २०१७ साली उंदरांत दिसून आले. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीवर रक्ताचा दाब वाढला की तो ओळखून हृदयाला आवरणाऱ्या मज्जातंतूंत दोन्ही पिएझो काम करतात, हे २०१८ साली कळले. आणि मूत्राशय भरल्याची जाणीवही पिएझो-दोन देते, हे २०२० साली प्रसिद्ध झाले. ज्यांना हे दार नाही अशा माणसांपैकी काहींना लघवीला लागल्याचे कळतच नाही. ती घड्याळाकडे पाहून जातात.

पिएझो-एक रक्तवाहिन्यांच्या अस्तरात बसून रक्ताचा ओघ ओळखते. त्याच्यावाचून गर्भातल्या उंदराच्या रक्तवाहिन्या नीट घडत नाहीत आणि तो जन्माआधीच मरतो. तांबड्या रक्तपेशी आपल्या अंगाहून अरुंद अशा केशवाहिन्यांतून दबून जातात, तेव्हा त्यांना लागणारा दाबही हेच प्रथिन ओळखते. वनस्पतींच्या मुळांतसुद्धा पिएझोचे भाऊबंद सापडले आहेत.

फळ्यावरची यादी मला पुन्हा आठवली. लुगडे मऊ लागणे आणि लघवीला लागणे ही दोन टोके एका क्रियापदाला कोणी बांधली असतील? व्याकरणात आम्ही त्यांना निरनिराळे अर्थ म्हणून क्रमांक देतो. शरीरात ती एकाच दाराची कामे निघाली. अर्थात सगळ्याच ‘लागण्या’चे बिल पिएझोच्या नावावर फाडता येणार नाही. तहान रक्तातल्या क्षारांवर चालते, झोपेचे तंत्र निराळे. भाषेने शास्त्र आधी ओळखले असा दावा मी करीत नाही. पण बाहेरून शिवणे आणि आतून जाणवणे यांना एकच शब्द वापरणाऱ्या आपल्या पूर्वजांचा कान चांगला होता, एवढे म्हणायला हरकत नसावी.

दार शाबूत, तार तुटलेली

त्या दोन मुलींसारखे रुग्ण जगात अत्यंत थोडे. मग सामान्य वाचकाला याचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर माझ्या घरातच आहे.

माझ्या वडिलांचे वय ऐंशी. वीस वर्षांपासून मधुमेह. गेल्या वर्षी ते दोनदा न्हाणीघरात पडले, आणि दोन्ही वेळा तोंडाला साबण लावून तोंड धूत असताना. चक्कर नाही, रक्तदाब ठीक. आम्ही फरशीला दोष दिला. डॉक्टरांनी निराळेच तपासले. नायलॉनचा एक जाड धागा त्यांच्या तळपायाला टेकवून तो वाकेपर्यंत दाबला. दहा ग्रॅमच्या दाबाने वाकणारा तो धागा असतो. वडील डोळे मिटून बसले होते, ते म्हणाले, “लावा की.” धागा लावून झाला होता. मग कंप पावणारा चिमटा अंगठ्यावर ठेवला. थरथर कळली नाही. शेवटी पाय जुळवून उभे केले आणि डोळे मिटायला सांगितले. डोळे मिटताच वडील झुलू लागले. डॉक्टरांनी हात पुढे धरलेलाच होता.

“आजोबा, तुमच्या पायांचे काम इतके दिवस तुमचे डोळे करताहेत,” डॉक्टर म्हणाले. “साबणासाठी डोळे मिटलेत की दोघेही सुट्टीवर!”

वडिलांच्या शरीरात पिएझोचे दार शाबूत आहे. पण दारापासून मेंदूपर्यंत जाणारी तार मधुमेहाने झिजवली आहे. परिणाम मात्र त्या नऊ वर्षांच्या मुलीसारखाच. उजेडात चालणे, अंधारात पडणे. कुष्ठरोगाचा जंतूही याच तारा तोडतो. वेलोरचे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरोग्यांची बोटे झडतात त्याचे मोठे कारण हे की चटका, जखम, बोचणे त्यांना लागत नाही आणि म्हणून ते हात मागे घेत नाहीत. वरोड्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले, तेव्हापासून मराठी माणसाला या रोगाची ओळख आहे. आज तो औषधांनी पुरता बरा होतो, पण उशीर झाला तर तुटलेली तार परत जुळतेच असे नाही.

आपल्याला काही लागू नये, असे आपण एकमेकांना म्हणतो. लागण्याची शक्तीच गेली तर माणसाचे काय होते, हे ज्याने पाहिले तो हा आशीर्वाद जरा जपून देईल.

यंदाच्या पहाटे

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघर अभ्यंगस्नान होईल. आईच्या हातचे तेल पाठीवर लागेल, उटणे अंगाला खरखरीत लागेल, थंडीत कढत पाणी हवेहवेसे लागेल. हे सगळे करताना त्वचेखालची लक्षावधी दारे उघडतील आणि मिटतील. आपल्याला त्यांचे नावही आठवण्याची गरज नाही.

पण घरात कोणी वृद्ध असेल, विशेषतः मधुमेही असेल, तर तो प्रसंग एका वेगळ्या नजरेने पाहावा. पहाटेचा अंधार, तेलाने निसरडी झालेली फरशी, आणि तोंडाला उटणे लावून मिटलेले डोळे. पाडणारी तिन्ही कारणे एका मोरीत एकत्र. आमच्या डॉक्टरांनी सांगितलेले उपाय साधे आहेत. आंघोळ स्टुलावर बसून करावी. भिंतीला घट्ट दांडी बसवून घ्यावी. कढत पाण्यात त्यांनी पाय घालण्याआधी दुसऱ्याने हात घालून पाहावा. अंगणात विझलेल्या फुलबाजीची तार पडलेली असते, ती बराच वेळ तापलेली राहते. म्हणून अनवाणी फिरू देऊ नये. रोज रात्री तळपाय उजेडात पाहावेत. त्यांना लागलेले त्यांना कळणार नाही, ते घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी कळले पाहिजे.

वडिलांचे तळपाय पाहण्याचे काम आमच्याकडे धाकट्या मुलीने आपणहून घेतले आहे. रोज रात्री ती बोटाने एकेक जागा दाबते आणि विचारते, “आजोबा, इथे लागते?” बहुतेक वेळा ते ‘नाही’ म्हणतात. टाचेजवळ एक जागा आहे, तिथे मात्र अजून ‘हो’ म्हणतात.

दिवाळीत आपण दारात, तुळशीपाशी, कोनाड्यात दिवे लावतो. यंदा विजेचा एक चांगला दिवा न्हाणीघरातही लावावा, आणि म्हातारी माणसे आत असेपर्यंत तो मालवू नये.